बिनवासाचं पाणी

४ एप्रिल, शुक्रवार. दुपारी, जेवण झाल्यावर.

आजपासून रोजनिशी. वही नवी नाही. मागच्या सालची टीसीएल नोंदवही आहे, निम्मी कोरी राहिली होती. टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची पावडर. हे लिहायची खरं तर गरज नाही, पण आमच्या निम्म्या गावाला तेवढंही माहीत नाही आणि नळ मात्र सकाळी सहाच्या ठोक्याला सुटला पाहिजे. सहा-पाच झाले की फोन सुरू. पहिला दादाभाऊचा.

संकल्प: १) चिडायचं नाही. २) रोज लिहायचं. ३) आळेफाट्याची मिसळ बंद.

मी मुळात शांत माणूस. लोक चिडवतात म्हणून चिडतो. सहा वर्षं झाली, जलसुरक्षक आहे मी. सरकारी शब्द आहे, कागदावर आहे. तरी गाव म्हणतं पाणीवाला. ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला तर दोन दिवसांत सगळ्यांच्या तोंडात बसलं. माझंच नाव कुणाच्या जिभेवर चढत नाही.

बघतील सोळा तारखेला. आरोग्य केंद्राचं पथक पाण्याच्या सर्वेला येणार. पाच वर्षं ओळीनं हिरवं कार्ड आणि गावात साथ नाही, अशा ग्रामपंचायतीला चंदेरी कार्ड देतात. आमची चार झाली, हे पाचवं. चंदेरी कार्ड या पट्ट्यात कुणाकडे नाही. पिंपरी पेंढारला माझे साडू आहेत, ते लग्नकार्यात मला ‘पाणी सोडून आलात का’ विचारतात. त्यांना फोटो पाठवणार.

ग्रामपंचायत ऑफिसात आजच खिळा ठोकून आलो. दारातून येणाऱ्या माणसाच्या बरोबर नजरेसमोर. ग्रामसेवक म्हणाला, कार्ड येऊ द्या, मग ठोका. अशी ही माणसं. मी चिडलो नाही. फक्त एकदा हातोडी टेबलावर आपटली.

५ एप्रिल, शनिवार.

डोकं फिरलं. टीसीएलची नवी गोणी टेम्पोतून उतरवताना फाटली. सगळा माल युरियाच्या रिकाम्या गोणीत भरला. एवढ्यात दादाभाऊ आला. हा यात्रा कमिटीचा अध्यक्ष. यंदा बैलगाडा शर्यतीला घाटात, म्हणजे धावपट्टीवर, रेघा मारायला आणलेली फक्की त्यानं माझ्या पंपघरात आणून टाकली. तीसुद्धा युरियाच्याच गोणीत. म्हणाला, राव, चार दिस राहू द्या, हितं वाळलेलं ऱ्हातं. पंपघर म्हणजे काय याच्या बापाची खळवाडी आहे? असं मी म्हणालो नाही. मनात म्हणालो. म्हणजे थोडं मोठ्यानं मनात.

जाता जाता वर हेही बोलला की भिमाजीराव, तुमच्या पाण्याला औषधाचा लई वास मारतो, चहा नासतो. सहा वर्षं हेच. मी दोन सालापूर्वी पंचायत समितीला लेखी अर्ज दिला होता की बिनवासाचा माल द्यावा. उत्तर नाही.

दोन सारख्या गोण्या, दोन्ही पांढऱ्या पावडरीच्या. दुसरा कोणी असता तर घोळ घातला असता. मी मार्करनं नंबर टाकले. नं. १ फक्की, नं. २ टीसीएल. कारण आधी यात्रा येणार, पाण्याचं काम वर्षभराचं. याला म्हणतात सिस्टीम. वहीत लिहून ठेवलं, विषय संपला.

७ एप्रिल, सोमवार. सकाळी ७.

जुना माल काल संपला. आज नवी गोणी फोडली. नं. १. पाणी पहिलं, बाकी सगळं नंतर, हे माझं तत्त्वच आहे. पन्नास हजार लिटरला पाव किलो, बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरचं पाणी टाकीत. नाकाला रुमाल बांधूनच करतो, सहा वर्षांची सवय.

आश्चर्य! नळाच्या पाण्याला वासच नाही. दोनदा हुंगून बघितलं. गाळ मात्र जास्त बसतो, म्हणजे माल दणदणीत आहे. शेवटी सरकारनं ऐकलं. माझ्या अर्जावरूनच सुधारित टीसीएल काढलेलं दिसतंय. एका माणसानं महाराष्ट्राचं पाणी बदललं, पण पेपरात येणार नाही.

दुपारी मारुतीच्या पारामागे पाइप गळत होता. नेमका गटारीला लागून. सायकलची ट्यूब गुंडाळून, वर तार आवळून बंद केला. थोडं पाझरतंय. आरती म्हणाली, काका, नळ बंद असला का गटारीचं पाणी आत वढून घील त्यो. आरती म्हणजे आमची आशाताई. तीन वर्षांचा अनुभव आणि मला पाइप शिकवते. मी म्हटलं, टीसीएल काय शोभेला आहे का? ती चालू लागली.

८ एप्रिल, मंगळवार.

इतिहास घडला. दादाभाऊ रस्त्यात गाडी थांबवून म्हणाला, काय राव, पानी एकदम ग्वाड लागाया लागलं, चहा झकास व्हतो. मी नुसतं हसलो.

फक्त बयाबाई काही बोलली नाही. बयाबाई माझी चुलती. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा, हिनंच वाढवला. शेजारीच राहते. तिच्या सुनेनं घरी पाण्याचा जार लावला, तर ही जारला हात लावत नाही. भिमाच्या टाकीचं असताना इकत कशाला, म्हणते. आज मी मुद्दाम विचारलं, पाणी कसं आहे? म्हणाली, बरं हाय. आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. म्हातारी माणसं. चव जाते त्यांची.

नोंदवहीत ओटी टेस्टचा रकाना भरला: पिवळा. ओटीच्या औषधाचे थेंब टाकले की पाणी पिवळं झालं पाहिजे, असं शास्त्र आहे. बाटली जानेवारीतच संपली. पण सहा वर्षं हात बसलेल्या माणसाला थेंब लागत नाहीत.

१० एप्रिल, गुरुवार.

काल आळेफाट्याला मोटरच्या कामाला गेलो होतो. मिसळ खाल्ली. संकल्प मोडला असं नाही, गॅरेजवाल्यानं आग्रह केला.

आज घाटात रेघा मारायला कमिटीची पोरं गोणी मागायला आली. मी स्वतः काढून दिली, नं. २. तासाभरात दादाभाऊचा फोन. म्हणे पोरांचे डोळे चुरचुरत्यात, हाताची आग व्हती, ही कसली फक्की म्हनायची? आता फक्की आणली यानं, ठेवली माझ्या डोक्यावर, आणि जाब मला विचारतो. मी सांगितलं, हलका माल आणला तर असंच होणार, जिथून आणला तिथं जाऊन भांड. फोन ठेवला. बादलीला एक लाथ घातली. मी चिडलो नव्हतो.

११ एप्रिल, शुक्रवार.

सकाळी ५.१०. पोटात कळ. जाऊन आलो.

५.३५. परत.

६.१५. परत. नळ सोडायला वीस मिनिटं उशीर. सात फोन. एकालाही कारण सांगितलं नाही, माणसाला काही खासगी असतं की नाही?

सकाळी १०. पाचवी. नुसतं पाणी.

मिसळ! त्या हॉटेलवाल्याला मी सोडणार नाही. तर्रीला नुसता रंग होता.

तुकाबाई म्हणाली, आवो, हगवन लागली तुमास्नी. बायको झाली म्हणून काहीही बोलायचं? तिला बजावलं, हा शब्द या घरात काढायचा नाही. उष्णता म्हणायचं. पाच दिवसांवर सर्वे आला आणि जलसुरक्षकाच्या घरातून हा शब्द बाहेर पडला तर कार्ड गेलंच. ती म्हणाली, मलाबी सकाळधरनं दोनदा उष्णता झाली. तिनं मिसळ खाल्ली नव्हती. पण मी खाल्ली, तिनं माझे कपडे धुतले. असंही होत असेल.

१२ एप्रिल, शनिवार. भैरवनाथाची यात्रा.

काय दिवस काढलाय, माझं मला माहीत.

सकाळी सात वेळा. तरी निळं जाकीट घातलं, कारण दुपारी घाटात माझा सत्कार होता. स्वच्छ पाण्याबद्दल. शाल-श्रीफळ. भाषण पाठ केलं होतं.

घाटात वेगळंच. पहिल्याच बारीला बैल रेघेपाशी आले आणि नाकं फेंदारून मागं सरले. बैलांपुढं पळणारी घोडी तर शिंकायलाच लागली. दादाभाऊची चार बैलं, ज्यांच्या नावाचा बोर्ड त्यानं फाट्यापर्यंत लावलाय, ती घाट सोडून आडवी बाजरीत घुसली. डोळ्यांतून पाणी गळत होतं त्यांच्या. लोक म्हणाले नजर लागली. मला जरा बरं वाटलं. त्याच रेघेपाशी जमिनीवर बसून घेतलं, कारण पाय लटपटत होते.

मग कळ आली. पाठीमागे शेळक्यांचा ऊस होता म्हणून लाज राहिली. आणि नेमकं त्याच वेळी माईकवर माझं नाव पुकारलं. ‘भिमाजीराव, जिथं असाल तिथून स्टेजकडं या.’ जिथं होतो तिथून येण्यासारखी परिस्थिती नव्हती. तीनदा पुकारलं. चौथ्यांदा माईकवाला म्हणाला, पाणी सोडायला गेले असतील. अख्खा घाट हसला. मला उसात ऐकू येत होतं.

माझी शाल दादाभाऊनं घेतली. माझ्या वतीनं.

घरी येऊन बघतो तर निळ्या जाकिटावर मागं तांबडे-पांढरे डाग. रंगच उडालाय. तुकाबाईला बोललो, असला कसला साबण आणतेस? ती म्हणाली, जाकीट अजून एकदाबी धुतलं न्हाई. उलट बोलायची सवय.

१३ एप्रिल, रविवार. दुपारी.

अकरा वेळा. आता मी शास्त्रीय विचार केला. माझा अख्खा जन्म पाण्यात गेला, डॉक्टरला काय कळतं त्यातलं? टाकी गळत असली तर आपण काय करतो? आधी वरून भरायचं बंद करतो. आत गेलंच नाही तर बाहेर येईल कुठून? आजपासून पाणी बंद. चहा बंद. उद्या सकाळपर्यंत टाकी कोरडी, गळती बंद. इतकी साधी गोष्ट कुणाला सुचत नाही याचाच राग येतो.

आरती आली. हातात जलसंजीवनीच्या पुड्या आणि फॉर्म. तिची यादी: आमच्या आळीत नऊ, पारामागं सहा, वरच्या आळीत दोन. म्हणाली, काका, पान्याचं बघावं लागंल, सगळी नळाचं पेनारी हाईत. मी एकेक मुद्दा खोडून काढला. यात्रेचं जेवण. उन्हाळा. मिसळ. पाहुण्यांनी आणलेली गुडीशेव. तिनं विचारलं, तुमच्या घरी किती जुलाबाचे लिहू? मी म्हटलं, जुलाब शून्य. ती माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, तुमचं डोळं आत गेल्यात. म्हटलं, माझे डोळे जन्मापासून असेच आहेत. पुड्या परत केल्या. एक लिटर पाण्यात कालवून घोट घोट प्यायची म्हणे. म्हणजे गळक्या टाकीत परत पाणी! मी बोललो, जरा जास्त बोललो. ती डोळे पुसत गेली. लोक फार हळवे झालेत.

संध्याकाळी बयाबाईकडे गेलो. तिलाही सकाळपासून. सून पुडीचं पाणी घेऊन उभी होती. मी ग्लास बाजूला ठेवायला लावला आणि माझी थिअरी सांगितली. बयाबाई म्हणाली, भिमा म्हंतोय तर न्हाई पेत. तिला तहान लागली होती. ओठावरून जीभ फिरवत होती. पण शब्दाची पक्की. या घरात एवढं एकच माणूस माझं ऐकतं.

१४ एप्रिल, सोमवार.

थिअरी यशस्वी होते आहे. माझ्या वेळा अकरावरून आठ.

मात्र पोटऱ्या वळल्या. पहाटे व्हॉल्व्ह फिरवायला वाकलो तर डाव्या पोटरीत अशी गाठ आली की तिथंच खाली बसलो आणि ओरडलो. कुत्री पळाली. लघवी एकदाच, कोऱ्या चहाच्या रंगाची. जीभ टाळूला चिकटते. हाताच्या कातड्याला चिमटा घेतला तर कातडं तसंच उभं राहतं, खाली बसत नाही. उभं राहिलं की अंधारी. या शरीराचा मला संताप आलाय. चोपन्न वर्षं खायला घातलं आणि चार दिवस दम काढता येत नाही!

बयाबाईची तब्येत फार छान. सकाळपासून एकदाही उठली नाही. लघवीसुद्धा कालपासून बंद, सून म्हणाली. संपूर्ण कंट्रोल. शांत पडून असते. हाक मारली तर उशिरानं डोळे उघडले. हात गार लागला, म्हणजे उष्णता उतरली. सुनेला सांगितलं, बघ, याला म्हणतात इलाज. सून रडत होती. रडण्यासारखं काय होतं मला समजलं नाही.

टीसीएल टाकलं. नं. १. पायऱ्या चढताना तीनदा थांबलो.

१५ एप्रिल, मंगळवार. वेळ माहीत नाही. उजेड आहे.

अक्षर वेडंवाकडं येतंय. डाव्या हातात सुई आहे.

सकाळी टाकीच्या तिसऱ्या पायरीवरून पडलो. उंची काही नाही. शुद्ध गेली. शुद्धीवर आलो तेव्हा ग्रामपंचायत ऑफिसात सतरंजीवर होतो. ऑफिसाचा दवाखाना केलाय. टेबलं बाहेर, माणसं आत. अकरा माणसांना सलाईन. स्टँड दोनच होते. बाकीच्या बाटल्या खिडकीच्या गजाला, फोटोंच्या दोऱ्यांना. माझी बाटली खिळ्याला आहे.

तोच खिळा. दारातून येणाऱ्या माणसाच्या बरोबर नजरेसमोर. येणारा प्रत्येक जण आधी माझी बाटली बघतो, मग मला. दादाभाऊ दारात उभा राहून म्हणाला, खिळा लई मोक्याच्या जागी मारला राव. उठता आलं असतं तर.

आरतीनं सांगितलं ते लिहून ठेवतो, पटलं म्हणून नाही.

ती म्हणाली, काका, मानूस म्हंजी टाकी न्हाई. वरून पानी बंद केलं म्हनून आतडं थांबत न्हाई, ते रगतातलं पानी वढून बाहेर टाकतं. पान्यासंगं मीठ जातं, मग पोटऱ्या वळत्यात, काळजाचा ठोकाबी चुकतो. रगत कमी पडलं का अंग हातापायाचं पानी काढून मेंदूला पुरवतं, म्हनून हात गार पडत्यात. अन् किडनी लघवी बंद करती. ते बरं व्हायचं लक्षन न्हाई. ते शेवटचा व्हॉल्व्ह बंद व्हायचं लक्षन हाय. जाईल त्यापरीस जास्त पाजायचं, एवढंच औषध व्हतं. पुडीत.

मी विचारलं, बयाबाई कुठं आहे? या खोलीत दिसत नाही.

आरती बाटलीचा थेंब मोजत राहिली. मग म्हणाली, पहाटं १०८ नं नेली. शीर सापडत नव्हती. सुनेनं रात्री पाजायला बघितलं तर म्हातारीनं तोंड मिटून घेतलं. म्हणे भिमानं सांगितलंय.

राग आला. कुणाचा ते लिहीत नाही.

१६ एप्रिल, बुधवार. दुपारी.

बयाबाईची खबर नाही. सुनेचा फोन लागत नाही.

पथक आलं. तरुण डॉक्टरीणबाई, माझ्या मुलीच्या वयाची. सुई काढायला लावून मी स्वतः पंपघरात गेलो, तुकाबाईचा खांदा धरून. नोंदवही दाखवली. रोजची सही, रोज पिवळा. बाईंनी स्वतःची ओटीची बाटली काढली. टाकीचं पाणी, थेंब. पांढरंच. पाराचा नळ, पांढरं. माझ्या घरचा नळ, पांढरं. मी सांगितलं, यंदाचा माल सुधारित आहे, बिनवासाचा, त्याला जुनी टेस्ट लागू होत नाही. त्यांनी विचारलं, असं कोणी सांगितलं? मी अर्जाची आठवण करून दिली.

त्यांनी नं. १ मध्ये हात घातला, बोटांत चोळलं, हुंगलं. मग दादाभाऊला बोलावून विचारलं, हे काय आहे? दादाभाऊ चिमूट घेऊन म्हणाला, आवो ही तर फक्की. मग त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, मंग घाटात काय मारलं आमी?

 बाहेर त्याचा एक बैल होता, अजून डोळे गळत होते त्याचे.

मग मात्र माझा तोल गेला. म्हणालो, सहा वर्षांत माझी एक चूक दाखवा! सगळं लेखी आहे! ही वही काढली. पुरावा म्हणून. पाच एप्रिलचं पान उघडलं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लागलो. दोन सारख्या गोण्या, दुसरा कोणी असता तर घोळ घातला असता. मी मार्करनं नंबर टाकले. नं. १

तिथं थांबलो. अक्षर माझंच होतं. स्वच्छ होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाचा पुढं. मला वाचता येईना. तुकाबाईनं वही माझ्या हातातून घेतली, तिला वाचता येत नाही, तिनं नुसती मिटली आणि पदराखाली धरली.

कार्ड लाल. ऑफिसात परतल्यावर ग्रामसेवकानं ते खिळ्याला लावायला घेतलं, मग माझ्याकडे बघून टेबलाच्या खणात ठेवलं. त्या माणसाबद्दल मी वर काय काय लिहिलंय.

१७ एप्रिल, गुरुवार.

पाराचा पाइप खोदून काढला. ट्यूबच्या आत गटारीचा काळा गाळ. याच पाण्याला मी आठ दिवस गोड म्हणत होतो.

राजीनामा लिहिला. सरपंचांनी परत दिला. पहाटे पाचला टाकीवर चढायला दुसरा कोणी तयार नाही. माझी थोरवी म्हणून नाही. कोणी तयार नाही म्हणून.

सगळी चूक माझी नाही. थोडी आकड्यांची आहे. हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

१८ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी.

तालुक्याला जाऊन आलो. तुकाबाईनं भाकरी बांधून दिली, मी एसटीत मांडीवर धरून बसलो, खाल्ली नाही.

बयाबाई आहे. जिवंत आहे. दोन दिवस किडनीची भीती होती, काल संध्याकाळी लघवी झाली. नर्स आनंदानं सांगत होती आणि मी भर वॉर्डात रडलो. लघवी झाली म्हणून. माणसाला असं रडता येतं हे मला माहीत नव्हतं. म्हातारी एवढीशी झालीय, चादरीखाली आहे की नाही कळत नाही.

मी कबूल केलं. गोणीचं, ट्यूबचं, ओटीचं, थिअरीचं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, मला ठावं व्हतं पान्याचं.

म्हटलं, काय ठाऊक होतं?

म्हणाली, सा वर्सं तुज्या पान्याला वास येतो. समदी नावं ठिवत्यात. मी तांब्या नाकाला लावती, वास आला का म्हंती, भिमा आज टाकीवं जाऊन आला, चांगला हाय. सोमवारधरनं वास न्हवता. म्हटलं, पोर आजारी हाय का काय. मंगळवारी तू आलास तवा इचारनार व्हते.

मग विचारलं का नाही, मी म्हणालो. आवाज चढला माझा. दवाखान्यात. तिच्या उशाशी.

ती म्हणाली, तू चिडतुस, बाळा.

शेवटच्या एसटीनं आलो. वहीचं पहिलं पान काढून बघितलं. संकल्प नंबर एक. तो नंबर मात्र बरोबर टाकला होता.

१९ एप्रिल, शनिवार. सकाळी ७.

नवी गोणी. नंबर टाकला नाही, नाव लिहिलं. रुमाल न बांधता कालवलं. डोळ्यांना धारा लागल्या. ओटी: पिवळा. बघून लिहिलं.

सहा-वीसला दादाभाऊचा फोन. म्हणाला, राव, पान्याला लई वास मारतोय, चहा नासला.

मी म्हटलं, बरं.